भंगारातून आगगाडी: शंभरात एक मापाची

मॉडेल रेल्वे करायची म्हटलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, इंजिन केवढ्याला? मी विचारतो, माप कोणतं धरलंय? इंजिनाची किंमत एकदाच बसते. माप चुकलं तर पुढची प्रत्येक वस्तू महाग पडते.

माझं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून गेलं. सागवानात आणि शिवणीच्या लाकडात कास्टिंगचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे, बिडाचा आक्रस (थंड होताना आकसणं) साधारण एक टक्का धरून पट्टी वापरायची, हा धंदा. त्यामुळे भंगार बघायची नजर आणि मापाचा हेका हे दोन्ही मला फुकट मिळालं. तुमच्याकडे यातलं काही नसलं तरी चालेल. एक स्टीलची पट्टी, कटर, बारीक कानशी आणि २५ वॅटचं सोल्डरिंग गन एवढ्यावर सुरुवात होते.

खर्चाचा माझा नियम असा: रूळ, चाकं आणि इंजिनाची मोटर-गिअरसकटची चेसी (खालचा सांगाडा), या तीन गोष्टींना रोख पैसे. बाकी सगळं रद्दीतून, गॅरेजमधून, फ्लेक्सवाल्याच्या कचऱ्यातून. कारण वीज रुळातून चाकात आणि चाकातून मोटरीत जाते. तिथं अर्ध्या मिलिमीटरची गफलत झाली की गाडी पडते नाहीतर थांबते. लग्नपत्रिकेच्या घराची भिंत अर्धा मिलिमीटर वाकडी झाली तर कुणी मरत नाही.

माप कोणतं धरायचं

बाजारात सगळ्यात जास्त मिळतं ते एचओ माप, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्याऐंशीवा भाग. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे. हे अंतर ८७ पट केलं की १४३५ मिलिमीटर येतं, म्हणजे युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. म्हणजे एचओच्या रुळांवर आपला डबा ठेवला की तो अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो.

आता गणित उलटं करा. रूळ १६.५ चेच घ्या आणि माप १:१०० धरा. आपला ब्रॉडगेज होतो १६.७६ मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटर, डोळ्याला कळत नाही. डबे आणि घरं आपणच करणार असू तर दुकानातल्या मापाला बांधून घ्यायचं कारणच काय? वर तीन फायदे. पहिला, एक मीटर म्हणजे एक सेंटीमीटर, शाळेतली पट्टी हीच तुमची स्केल. दुसरा, सगळं एचओपेक्षा थोडं लहान होतं, जागा वाचते. तिसरा माझा सर्वात आवडता: आर्किटेक्ट लोक इमारतींची मॉडेलं बऱ्याचदा १:१०० मध्ये करतात. त्यांच्यासाठी मिळणारी प्लॅस्टिकची माणसं पुडीनं येतात आणि रेल्वेवाल्यांसाठी विकल्या जाणाऱ्या माणसांपेक्षा बरीच स्वस्त असतात. आर्किटेक्चरच्या पोरांकडे परीक्षा झाल्यावर चौकशी करा. जुन्या मॉडेलवरची झाडं, माणसं, मोटारी, ॲक्रिलिकचे तुकडे सगळं टाकायला काढलेलं असतं.

काही मापं लिहून ठेवा. निळ्या आयसीएफ डब्याची बॉडी २१.३ मीटर लांब, ३.२४५ मीटर रुंद. म्हणजे २१३ आणि ३२.५ मिलिमीटर. नवा एलएचबी डबा २३.५ मीटर, म्हणजे २३५ मिलिमीटर. जुनं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन बफरसकट १७१ मिलिमीटर. रुळाखालचा आडवा काँक्रीटचा स्लीपर साडेसत्तावीस मिलिमीटर लांब, दोन स्लीपरमधलं अंतर सहा. माणूस १६-१७ मिलिमीटर.

विजेच्या तारा मी लावत नाही. आता आपल्या मिरज-कोल्हापूर मार्गावर विजेची गाडी धावते, पण प्रत्येक खांब, प्रत्येक ब्रॅकेट सोल्डर करत बसायचं आणि वर हात लागून मोडायचं. डिझेलचा काळ धरा, ते काम अख्खं वाचतं.

ज्यांना त्याहून जुनं हवंय त्यांच्यासाठी एक इशारा. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो मीटरगेज. ब्रॉडगेज झाला १९७१ मध्ये. वाफेच्या इंजिनाची मीटरगेज गाडी १:१०० मध्ये करायची तर रुळांचं अंतर दहा मिलिमीटर हवं. बाजारात एन मापाचे नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात, त्यावर भागतं. पण वाफेच्या इंजिनाचे दांडे-चाकं भंगारातून होत नाहीत, हे धरून चाला.

आराखडा: गूळ मार्केट

गोल गोल फिरणारी गाडी करायची तर जागा लागते, रूळ जास्त लागतात आणि सगळं झाल्यावर पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. मी सुचवेन शंटिंगचं यार्ड, म्हणजे डबे पुढं-मागं करून हव्या क्रमानं लावायची जागा. ॲलन राइट नावाच्या इंग्रज मॉडेलकारानं केलेला इंग्लनूक नावाचा आराखडा जगभर वापरतात. दोनच सांधे (एका रुळाचे दोन होतात ती जागा), तीन साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). एका साइडिंगमध्ये पाच डबे मावतात, दुसऱ्या दोनांत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूचा रूळ इंजिन अधिक तीन डबे एवढाच लांब. एकूण डबे आठ. चिठ्ठ्या टाकून पाच डबे, तेही ठरलेल्या क्रमानं, लांब साइडिंगवर लावायचे. आठांतून पाच क्रमानं निवडायचे म्हणजे ६,७२० प्रकार. आयुष्यभर पुरतात.

आपल्याकडे याला जागाही तयार आहे. वळिवडे सोडून कोल्हापूरकडे येताना गूळ मार्केट स्टेशन लागतं. मी स्टेशन हुबेहूब केलेलं नाही. नाव घेतलंय, बाकी माझ्या मनचं: एक गोदाम, एक धक्का, गुळाचे बंद डबे, मागं ऊस. माझे चारचाकी डबे कपलिंगसकट आठ सेंटीमीटरचे. मग पाच डब्यांना ४० सेंटीमीटर, इंजिन अधिक तीन डब्यांना ४१, छोटा सांधा १७ सेंटीमीटरच्या आसपास. दोन सांधे आणि थोडी मोकळीक धरून चार फुटांत सगळं बसतं. रुंदी एक फूट. कपाटावर राहतं, पलंगाखाली जातं.

पाट

यार्ड बसवायला पाट लागतो. टिंबर मार्केटात किंवा घरं पाडून जुनं सामान विकणाऱ्यांकडे बाथरूमचे फ्लश डोअर पडलेले असतात. खालचा एक फूट पाण्यानं फुगलेला, म्हणून कुणी घेत नाही आणि म्हणूनच ते आपल्याला हवं. वरचा भाग उत्तम असतो. बोटाच्या पेरानं वाजवून बघा: भरीव आवाज आला तर आत लाकडी पट्ट्या आहेत, पोकळ आला तर सोडून द्या, खिळा-स्क्रू धरत नाही. चार बाय एक कापून घ्या. कापलेल्या कडांना लप्पी (पुट्टी), मग दोन्ही बाजूंना सारखेच हात ऑइलपेंटचे. नुसता वरून रंग मारला तर खालून दमट हवा पिऊन पाट पावसाळ्यात बाक घेतो. रंग कुठलाही चालतो, कुणाच्या तरी घरी अर्धा डबा शिल्लक असतोच.

रूळ

सांधे विकत घ्या. घरी करता येतात, पण पहिल्याच कामात त्यात शिरू नका. साधा रूळ मात्र घरी टाकला तर निम्मा खर्च वाचतो. नुसती पट्टी, म्हणजे रेल, वेगळी मिळते. निकेल सिल्व्हरची घ्या. तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू आहे, लोखंडासारखा गंजत नाही आणि सोल्डर छान धरतो. कोड ७५ लिहिलेली मिळाली तर उत्तम, तिची उंची १.९ मिलिमीटर. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे १.७२ हवा. कोड १०० ची अडीच मिलिमीटरची पट्टी थोडी जाड दिसते, पण बाजूनं तपकिरी रंग लावला की नजर चुकते. सांधे आणि पट्टी एकाच कोडचे घ्या.

स्लीपरसाठी दोन वस्तू. आगपेटीच्या लाकडी काड्या, गूल कापून साडेसत्तावीस मिलिमीटरच्या. आणि दर पाचव्या जागी तांबं चढवलेल्या पीसीबी बोर्डाची (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा असतो तो) तेवढीच लांब, अडीच मिलिमीटर रुंद पट्टी. रूळ या पीसीबी पट्ट्यांना सोल्डर होतो, काड्या नुसत्या दिसायला. पीसीबी बोर्ड १.६ मिलिमीटर जाड, काडी दोनची. मधला फरक भरायला पीसीबीखाली जाड लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवा. व्हर्नियर लावून बघा, बहुतेक पत्रिका नेमक्या तेवढ्याच भरतात. नाही भरली तर दुसऱ्या घरची घ्या, घरोघरी गठ्ठे पडलेले आहेत.

पीसीबी करवतीनं कापताना पाणी लावून कापा आणि तोंडाला फडकं बांधा. काचेच्या धाग्यांची ती धूळ आत गेलेली बरी नाही.

अंतर धरायला गेज लागतो. ओळखीच्या टर्नरकडून ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर दोन खाचा मारून घ्या, रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर बरोबर १६.५. लेथवर दहा मिनिटांचं काम, चहावर होतं. एकसारखे तीन करून घ्या म्हणजे एक पुढं सरकवताना दोन जागेवर राहतात. सोल्डर करताना रोझिन फ्लक्सच वापरा. रेडिएटर दुरुस्तीवाल्यांचं ॲसिड झटकन धरतं खरं, पण धुतलं नाही तर महिन्याभरात जोड हिरवे पडतात.

शेवटी प्रत्येक पीसीबी पट्टीवरचं तांबं दोन्ही रुळांच्या मधोमध कानशीनं आडवं खरवडून तोडायचं. नाहीतर दोन्ही रूळ तांब्यातून जोडलेलेच राहतात आणि शॉर्ट होतं. मल्टिमीटर लावा, दोन रुळांत वीज जाता कामा नये. असली बारीक हत्यारं हार्डवेअरच्या दुकानात शोधू नका, गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, जा. सोनारकामाचं सामान मिळतं तिथं सुईएवढ्या कानशी, केसासारखी करवतीची पाती, टोकदार चिमटे मिळतात, आणि छंदाच्या दुकानापेक्षा निम्म्याहून कमी दरात.

चाकांचं एकच सांगतो. एचओ मालडब्यांची ३३ इंची म्हणून विकली जाणारी चाकं ९.६ मिलिमीटरची असतात. आयसीएफचं ९१५ मिलिमीटरचं चाक आपल्या मापात ९.१५. खपून जातं. चाकांच्या आतल्या बाजूंतलं अंतर १४.४ ते १४.५ मिलिमीटर आहे का ते प्रत्येक जोडीला बघा. गाडी सांध्यावरच पडत असेल तर दहातल्या आठ वेळा कारण तिथं सापडतं.

वीज

२३० व्होल्टच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. डबा बंद असलेला १२ व्होल्ट, २ ॲम्पियरचा अडॅप्टर घ्या. बंद पडलेल्या राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा घरात असतो. लॅपटॉपचा नको, तो बहुधा १९-२० व्होल्टचा. त्याच्यापुढं पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करणाऱ्या) मोटर कंट्रोलरचं छोटं बोर्ड, त्यानं वेग कमी-जास्त होतो. त्याच्यापुढं सहा पायांचा डीपीडीटी स्विच, मधे बंद अवस्था असलेला. चार कोपऱ्यांचे पाय तिरपे एकमेकांना जोडले की पुढं-मागं होतं. इंजिनात कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर कमी फ्रिक्वेन्सीचं पीडब्ल्यूएम तिला तापवतं. घेतानाच विचारा.

आणि एक गॅरेजची युक्ती. कंट्रोलर आणि रूळ यांच्यामध्ये एका तारेत दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घाला. एरवी तो पेटत नाही, फार तर मंद लाल दिसतो. शॉर्ट झालं की लख्ख पेटतो आणि वीज पाऊण-एक ॲम्पियरच्या आत रोखून धरतो. फ्यूजसारखा बदलावा लागत नाही, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतं की काहीतरी रुळावर आडवं पडलंय.

डबे

फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात सनबोर्डचे, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिक बोर्डाचे, तुकडे पडलेले असतात, तीन आणि पाच मिलिमीटरचे. पीव्हीसीचा असेल तर नळवाल्याचं सोल्युशन त्याला घट्ट धरतं. कटरनं तीन-चार हलके हात मारून कापा, एकदम दाबू नका. लेझर कटिंगवाल्याकडे हा बोर्ड नेऊ नका: पीव्हीसी जळालं की निघणारा वायू फुप्फुसालाही वाईट आणि त्याच्या मशिनलाही. लेझरवर काही करायचंच तर दोन मिलिमीटर एमडीएफ न्या.

प्रवासी डब्यासाठी तळ सनबोर्डचा, बाजू पत्रिकेच्या दोन थरांची. बाहेरचं रंगकाम हातानं करू नका. डब्याची बाजू संगणकावर खिडक्या-दारांसकट काढा आणि फ्लेक्सवाल्याकडून व्हिनाइल स्टिकरवर छापून घ्या, मॅट लॅमिनेशन करून. एका चौरस फुटात २१३ बाय २५ मिलिमीटरच्या बारा बाजू बसतात, म्हणजे सहा डबे. त्याच्याकडे दुसऱ्याच्या कामातून कोपरा शिल्लक असेल तर पैसेही घेत नाही.

एसी डब्याच्या काचा गडद असतात. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा काळा भाग कापून आतून लावा. छप्पर ५० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचं. त्यातून साडेबत्तीस मिलिमीटर रुंदीची उभी पट्टी काढली तर मधे सहा मिलिमीटर फुगवटा येतो, बरोबर डब्याच्या छपराएवढा. चाळीसचा पाइप घेतला तर आठच्या वर जातो आणि डबा बैलगाडीच्या तट्ट्यासारखा दिसतो.

रिकामा डबा हलका असतो, सांध्यावर उड्या मारतो. तळाला वजन हवं. टायर बॅलन्सिंगची जुनी वजनं गॅरेजच्या फरशीवर विखुरलेली असतात. शिशाची असतील तर हाताळून हात धुवा.

इंजिनाची चेसी जुनी, दुसऱ्या हाताची घ्या. वरची बॉडी तुटलेली असेल तर अजून बरं, भाव पडतो. १६ ते १८ सेंटीमीटर लांबीची बघा, बॉडी आपणच सनबोर्डची चढवणार आहोत. सीडी ड्राइव्ह किंवा प्रिंटरच्या मोटरी काढून इंजिन करायचा मोह होतो. त्या मोटरी चांगल्या असतात, पण गिअर, ॲक्सल आणि वीज घेणारी पात्यं जुळवता जुळवता नव्या चेसीएवढे पैसे आणि दुप्पट डोकं जातं. त्या मोटरी सांधे सरकवायला ठेवा.

गोदाम, आणि पत्र्याचं रहस्य

स्वस्तातली मॉडेलं बहुधा पत्र्यावर फसतात. खोक्याचा नालीदार पुठ्ठा सोलायचा आणि छपराला लावायचा, असं सगळे करतात. त्याच्या नाळ्या तीन ते सहा मिलिमीटरवर असतात. खऱ्या पत्र्याची नाळी ७६ मिलिमीटरवर, म्हणजे आपल्या मापात पाऊण मिलिमीटर. सिमेंटच्या पत्र्याची १४६, म्हणजे दीड. तीन मिलिमीटरची नाळी मॉडेलवर लावली की पत्रा फूटभर नाळीचा होतो आणि अख्खं गोदाम खेळणं दिसतं.

यावर उद्यमनगरचं उत्तर आहे: आट्याचा रॉड. एम५ आट्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८ मिलिमीटर, एम१० ची दीड. म्हणजे लोखंडी पत्र्याला एम५, सिमेंटच्या पत्र्याला एम१०. हॉटेलच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा घ्या, तांबड्या रश्श्याचा तवंग साबणानं पुरता काढा, तळ सपाट कापा. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर पत्रा, त्यावरून रॉड दाबून एकदाच लाटा. मागं-पुढं केलात तर रेघा एकमेकींवर चढतात. आटे तिरके असल्यामुळे रेघाही तीनेक अंश तिरक्या उमटतात, म्हणून आधी लाटा आणि मग रेघांना समांतर कापा. तीन सेंटीमीटर लांब, एक सेंटीमीटर रुंद असे तुकडे पाडून, खालून वर, एकावर एक चढवत लावा. काही तुकड्यांवर पाण्यात कालवलेली काव पुसा. गंजलेला पत्रा याच्याइतका स्वस्तात आणि इतका खरा दुसऱ्या कशानं होत नाही.

धक्क्याची उंची रुळाच्या डोक्यापासून आठ मिलिमीटर धरा. पाच आणि तीनचा सनबोर्ड मिळून आठ होतो, पण त्याखाली स्लीपर अधिक रूळ एवढी भर घालायला विसरू नका. कड रुळाच्या मध्यापासून १७ मिलिमीटरवर, आणि धक्का सरळ रुळालाच.

जमीन, खडी, ऊस

कोल्हापूरला राहण्याचा खरा फायदा इथं आहे. फौंड्रीतली टाकाऊ वाळू काळपट असते, तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते. इंजिनं उभी राहतात, तेल सांडतं, त्या यार्डाची जमीन अगदी तशीच. पण ती कोरडी उडवत बसू नका, सिलिकाची धूळ वाईट. पाणी मारून ओलीच हाताळा. आणि वाळवून वापरण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून चार वेळा फिरवा. चिकटलेले लोखंडाचे कण बघून धसका घ्याल. ते राहिले तर इंजिनाच्या मोटरीतलं चुंबक ते रुळावरून उचलतं आणि मोटर जाते.

रुळाखालच्या खडीसाठी वाळू फार बारीक पडते. खरी खडी पाच-सहा सेंटीमीटरची, म्हणजे आपल्याला अर्धा मिलिमीटरच्या जरा वर. क्रशरची डस्ट आणा. चहाच्या गाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील ती आपली खडी. काळा दगड आपल्याच डोंगराचा, रंग द्यावा लागत नाही. चाळण्या घरातल्या वापरू नका, घरची शांतता त्या चाळणीपेक्षा महाग आहे.

खडी कोरडी पसरा, ब्रशनं स्लीपरच्या मधे सारा. मग भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब घातलेलं पाणी फवारून पुरती भिजवा. त्यावर फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग, इंजेक्शनच्या सिरिंजनं थेंब थेंब. साबणाशिवाय केलंत तर फेव्हिकॉलचा थेंब वर गोळी होऊन बसतो आणि खडी घेऊन लोळतो. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ थांबा, तिथं एक थेंब गेला तर सांधा चिकटला.

ऊस तीन मीटरचा, म्हणजे तीन सेंटीमीटर. झिजलेल्या फुलझाडूचे तुरे कापा, हिरव्या पोस्टर रंगात बुडवून वाळवा, पाटात बारीक भोकं पाडून रोवा. सरी चार फुटी, तर ओळी बारा मिलिमीटरवर. मागच्या ओळींना रंग न देता झाडूचा मूळ रंग ठेवला की तुरा आलेला ऊस होतो. झाडांसाठी जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून फांद्या करा. पानांना जुन्या गादीचा फोम पाण्यासकट मिक्सरमध्ये फिरवून रंगवा. मिक्सरही वेगळा असलेला बरा.

गुळाच्या ढेपा म्हणजे मसुराची डाळ. जुनी मोठी ढेप आपल्या मापात साडेतीन-चार मिलिमीटर होते, रंगही जवळपास तोच. धक्क्यावर रास करा, एखादा डबा दार उघडं ठेवून आत दोन रांगा लावा. दोन हात व्हार्निश द्या, नाहीतर किडे आधी मालडबा रिकामा करतील.

मागचा डोंगर वर्तमानपत्राचे लगदे आणि मैद्याची खळ यांचा. खळीत बाइंडिंगवाले घालतात तसं चिमूटभर मोरचूद टाका, वाळवी-झुरळं लागत नाहीत. विषारी आहे, मुलांच्या हातात ते भांडं देऊ नका. आणि आकाश? शहरात वाढदिवसाच्या फ्लेक्सची कमी नाही. वाढदिवस उलटला, बोर्ड उतरला की मागून कोरा पांढरा, चार फूट हवा तर वीस फूट मिळतो. भावी नगरसेवक भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि त्यांच्या पाठीवर फिकट निळा रंग देऊन पन्हाळा, जोतिबा काढता येतो.

पाटाच्या एका टोकाला रूळ एकदम संपलेले दिसतात, ते झाकायला मी कोल्हापुरातल्या परीख पुलासारखा पूल केला आहे. रूळ वर, रस्ता खालून. त्या जागी पाट कापून चार सेंटीमीटर खाली दुसरी फळी ठोकायची. रस्त्यावर मातकट तपकिरी रंग, तो वाळल्यावर पारदर्शक व्हार्निशचे पातळ थर, प्रत्येक थर दिवसभर वाळू द्या. पावसात तिथं साठतं तसं पाणी होतं. मधे एक रिक्षा अर्धी कापून चिकटवा, म्हणजे चाकं पाण्यात गेलेली दिसतात.

पावसाळ्याआधी

मे संपता संपता पाटाच्या कडांना आणि खालच्या बाजूला रंगाचा एक हात पुन्हा द्या. रूळ साफ करायला सँडपेपर कधीच नको, ओरखड्यात घाण बसते. साधा खोडरबर फिरवा, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं. शिलाई मशिनचं तेल फक्त इंजिनाच्या ॲक्सलला, सुईच्या टोकावर मावेल एवढं. रुळावर तेल गेलं तर चाकं घसरतात आणि धूळ धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी चालवायची नसली तरी पाट पलंगाखाली जमिनीला टेकवून ठेवू नका. खाली दोन विटा ठेवा, वर जुनी चादर टाका, आणि इंजिन तेवढं काढून कपाटात ठेवा.